क्वाडकॉप्टरची फ्रेम: वजन कुठे वाचवावे आणि कुठे वाचवू नये

घरी बांधायच्या क्वाडकॉप्टरच्या, म्हणजे चार पंख्यांच्या ड्रोनच्या, फ्रेमची आखणी प्रॉपच्या (फिरणाऱ्या पंख्याच्या) व्यासापासून सुरू करावी. प्रॉप १० इंची म्हणजे २५४ मिमीचे असतील आणि समोरासमोरच्या मोटरींमधील तिरके अंतर ४५० मिमी ठेवले, तर शेजारच्या मोटरी एकमेकींपासून सुमारे ३१८ मिमीवर येतात आणि प्रॉपच्या टोकांमध्ये ६४ मिमी जागा मोकळी राहते. एवढी जागा पुरेशी आहे. फ्रेम आणखी पसरट केली, तर आर्म, म्हणजे मोटरी धरणारे दांडे, विनाकारण लांब व जड होतात.

आर्मसाठी पोकळ नळीच घ्यावी. १६ मिमी व्यासाची, १ मिमी जाडीची नळी ही त्याच धातूच्या, तेवढ्याच वजनाच्या भरीव सळईपेक्षा वाकायला सुमारे साडेसातपट ताठ असते. ‘सी’ आकाराची पट्टी हलकी दिसली, तरी तिची एक बाजू उघडी असल्यामुळे ती सहज पिळली जाते आणि मोटर कलते. कार्बन फायबर निःसंशय सरस आहे, परंतु ते कापताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असल्याने मास्क लावावाच लागतो. पहिल्या फ्रेमसाठी १२ मिमीचा, १ मिमी जाडीचा अॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप घ्यावा, असे माझे मत आहे. त्याचे वजन मीटरला जेमतेम १२० ग्रॅम भरते आणि आपटून वाकला तर तुकडा बदलणे स्वस्त पडते.

खरी कसोटी लागते ती आर्म मधल्या प्लेटमध्ये शिरतो तिथे, कारण वाकवणारा जोर मुळाशीच सर्वाधिक असतो. खालीवर ३ मिमी प्लायवूडच्या प्लेट ठेवून प्रत्येक आर्म दोन एम३ (३ मिमी व्यासाच्या) बोल्टांनी आवळावा आणि त्या बोल्टांमध्ये निदान ४० मिमी अंतर ठेवावे. पोकळ पाइप आवळताना चेपतो, म्हणून तेवढ्या भागात आत लाकडी ठोकळा घट्ट बसवावा. या काही ग्रॅमांची काटकसर करू नये. वजन घटवण्यासाठी छिद्रे पाडायचीच असतील, तर ती उभ्या बाजूंच्या मधोमध आणि मोटरच्या टोकाकडे पाडावीत.

जोडणी झाल्यावर मधली प्लेट व्हाइसमध्ये धरून, प्लेटच्या कडेपासून १८० मिमीवर आर्मला १ किलो वजन टांगावे. पाइप स्वतः सुमारे ०.३ मिमीच वाकायला हवा. टोक दोन मिमी खाली आले, तर दोष सांध्यात आहे आणि जाड पाइप आणून काहीही साधणार नाही. मिनिटाला ६,००० फेऱ्या घेणारी मोटर सेकंदाला १०० हिसके देते. ढिला सांधा ते वाढवून फ्लाइट कंट्रोलरच्या (ड्रोनचा तोल सांभाळणाऱ्या सर्किटच्या) जायरोपर्यंत, म्हणजे फिरणे मोजणाऱ्या सेन्सरपर्यंत, पोहोचवतो आणि मग सेटिंग कितीही बदलली तरी ड्रोन थरथरतच राहतो.

मोटरचे स्क्रू मोजूनच घ्यावेत, कारण लांब स्क्रूचे टोक वाइंडिंगला (मोटरमधील तारेच्या वेटोळ्यांना) भिडले तर मोटर जळते. पहिल्या काही उड्डाणांनंतर प्लायवूड दबते, तेव्हा सर्व बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत.