युद्धनौकेचा इतिहास लिहिताय? नावामागे धावू नका, या चुका टाळा

'धनुष' आणि 'झुल्फिकार' या दोन निराळ्या फ्रिगेट (ताफ्याचं रक्षण करणाऱ्या मध्यम आकाराच्या युद्धनौका) समजून मी त्यांच्या नोंदी वहीत दोन वेगळ्या पानांवर केल्या होत्या. नौका एकच निघाली. तेव्हापासून पानाच्या माथ्यावर आधी गोदी आणि जलावतरणाचं साल लिहितो, नाव नंतर. नाव बदलतं, क्रमांकही बदलतो. ती कुठे आणि कधी पाण्यात उतरली, हे बदलत नाही.

ही नौका १९४२ मध्ये इंग्लंडच्या स्मिथ्स डॉकमधून उतरली. स्कॉटलंडमधल्या नदीवरून नाव 'डेव्हरॉन', क्रमांक के२६५. जर्मन पाणबुड्यांपासून मालवाहू ताफे राखण्यासाठी एकाच आराखड्यावर बांधलेल्या नौकांच्या वर्गातली ही एक. १९४५ मध्ये ती रॉयल इंडियन नेव्हीत 'धनुष' झाली, फाळणीत पाकिस्तानच्या वाट्याला गेली आणि 'झुल्फिकार' झाली.

सर्रास होणारी चूक म्हणजे 'आयएनएस धनुष' लिहिणं. आयएनएस (इंडियन नेव्हल शिप) हे नावाआधीचं बिरुद २६ जानेवारी १९५० पासूनचं, त्याआधी एचएमआयएस (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप). तोवर ही नौका पाकिस्तानची झालेली होती, म्हणजे ती आयएनएस कधी नव्हतीच.

निशाण बघून देश ठरवू नका. लाल क्रॉसचं पांढरं निशाण रॉयल नेव्हीचं तसंच रॉयल इंडियन नेव्हीचंही होतं. १९४५ मध्ये नौदल बदललं, नाव बदललं, निशाण तेच राहिलं!

नावं पुन्हा वापरली जातात, हे तर कायम ध्यानात ठेवा. फाळणीत भारताकडे राहिलेली 'कुकरी' ही मूळची ब्रिटिश 'ट्रेंट'. पुढे ती सर्वेक्षणासाठी 'इन्व्हेस्टिगेटर' झाली. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांसह बुडाली ती 'खुकरी' वेगळी, नंतर बांधलेली. या दोघींची गल्लत करणं मला फार लागतं, कारण त्या नौकेवर माणसं गेली आहेत.

आणि 'झुल्फिकार'वरचा हल्ला भारताच्या खात्यावर टाकू नका. १९७१ च्या युद्धात ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर मारा केला होता, किनाऱ्यावर सगळ्यांच्या डोक्यात त्याच नौका घोळत होत्या. ६ डिसेंबरला पाकिस्तानच्याच सेबर विमानांनी 'झुल्फिकार'ला भारतीय क्षेपणास्त्र नौका समजून तिच्यावर गोळ्या झाडल्या.