प्री-मेड ट्रान्सफर: बर्कली की डेव्हिस, मी कसं ठरवलं

आधी एक गोष्ट क्लिअर करते, कारण नाशिकच्या आत्यापासून सगळेच विचारतात. इकडे अमेरिकेत बारावी झाली, नीट दिली आणि गेले एमबीबीएसला, असं नसतं. आधी चार वर्षांची डिग्री, मग चार वर्षं मेडिकल स्कूल, मग रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं ट्रेनिंग. प्री-मेड म्हणजे काही वेगळी डिग्री नाही, मेजर कुठलाही घ्या, फक्त बायो, जनरल केम, ऑरगॅनिक, फिजिक्स, बायोकेम हे लॅबसकट झालेलं पाहिजे आणि एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, द्यायची. आमच्यासारखी जी मुलं दहावीनंतर आईबाबांबरोबर कॅलिफोर्नियात येऊन पडली त्यातली बरीच जण पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजला काढतात, फी खूपच कमी, घरून जाऊन येऊन करता येतं, आणि मग यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या एखाद्या कॅम्पसला ट्रान्सफर. बर्कली आणि डेव्हिस त्यातलेच. मी कुपर्टिनोच्या डी अँझाला होते.

डेव्हिसचं माझं बऱ्यापैकी पक्कं होतं कारण मी टॅग भरला होता. टॅग म्हणजे ठरलेले कोर्सेस आणि ठरलेला जीपीए (ग्रेड्सची सरासरी, ४ पैकी) असला की ॲडमिशनची हमी. हा डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहाच ठिकाणी मिळतो, आणि सहापैकी एकच कॅम्पस निवडता येतो. सप्टेंबरमध्ये भरायचा असतो, मेन अर्जाच्या आधी, त्यामुळे बऱ्याच जणांचा हुकतो. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो टॅग देत नाहीत, म्हणून बर्कली मी नुसतं भरून ठेवलेलं. एप्रिलमध्ये तेही आलं आणि घरात गोंधळ सुरू झाला. बाबा म्हणाले, अगं बर्कली सोडून कोणी डेव्हिसला जातं का? आमच्या ओळखीच्या सगळ्या काकांचंही तेच.

नावाचा मुद्दा मी उडवून लावत नाहीये. पण ट्रान्सफरवाल्याचा खरा प्रॉब्लेम वेळ आहे आणि हे फ्रेशमनपासून, म्हणजे पहिल्या वर्षापासून, तिथेच असलेल्या मुलांना कळत नाही. हिशोब करून बघा. सप्टेंबरमध्ये तुम्ही ज्युनिअर, म्हणजे तिसऱ्या वर्षाचे, म्हणून कॅम्पसवर पाय ठेवता. मध्ये गॅप न घेता डिग्रीनंतर लगेच मेडिकल स्कूलला जायचं असेल तर ॲमकासचा (मेडिकल स्कूल्सचा कॉमन) अर्ज पुढच्याच मे-जूनमध्ये टाकायचा. म्हणजे जेमतेम नऊ महिने, त्यात नवीन कॅम्पस, अपर डिव्हिजनचे (वरच्या वर्षांचे) कोर्सेस, एमकॅटचा अभ्यास, क्लिनिकचे तास, लॅब, आणि वर दोन सायन्सचे प्रोफेसर तुम्हाला इतके ओळखायला पाहिजेत की ते मनापासून शिफारसपत्र लिहितील. तीनशे जणांच्या लेक्चर हॉलमध्ये बसून कोण ओळखणार तुम्हाला. म्हणून कुठली युनिव्हर्सिटी हे ठरवायच्या आधी गॅप इयर घेणार की नाही ते ठरवा. आपल्याकडे गॅप म्हटलं की लोकांना वाटतं मुलगी नापास झाली, पण इकडे मेडिकलला लागणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त जण किमान एक वर्ष गॅप घेऊनच जातात. मी घ्यायचं ठरवलं, आणि तिथेच अर्धं टेन्शन गेलं.

आता दोन्हीकडचं सांगते. बर्कलीला आमच्या मिलपिटासहून बार्ट ट्रेनची ऑरेंज लाईन थेट जाते, तासाभरात डाउनटाउन बर्कली, म्हणजे भाडं वाचलं असतं आणि आईच्या हातचं जेवणही. रिसर्च तर विचारूच नका. पण कॅम्पसला लागून स्वतःचं मेडिकल सेंटर नाही, यूसीएसएफ हा यूसीचा मेडिकल कॅम्पस खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोत. आणि बर्कली सेमिस्टरवर चालतं, मर्सेड सोडलं तर बाकी सगळ्या यूसी क्वार्टरवर, म्हणजे दहादहा आठवड्यांच्या टर्म्सवर. डी अँझाही क्वार्टरवर, आमची स्प्रिंग जूनच्या शेवटी संपते आणि बर्कली ऑगस्टच्या शेवटी सुरू, म्हणजे मध्ये जेमतेम दोन महिने.

या सेमिस्टर-क्वार्टरच्या भानगडीत सगळ्यात जास्त अडकते ती ऑरगॅनिक. क्वार्टरवाल्या कॉलेजात ती तीन भागांत असते, सेमिस्टरला दोन भागांत. तीनपैकी दोन करून निघालात तर पलीकडे ते नक्की कशाइतकं धरायचं हा वाद सुरू होतो आणि कधीकधी परत पहिल्यापासून बसावं लागतं. त्यामुळे एकतर पूर्ण सिरीज कम्युनिटी कॉलेजमध्येच संपवा, नाहीतर तिकडे जाऊनच सुरू करा. असिस्ट नावाची सरकारी साईट आहे, तिथे तुमचं कॉलेज आणि समोरची यूसी टाकली की कुठला कोर्स कशाला चालतो ते कोर्सगणिक दिसतं. काउन्सेलर काय म्हणाले यापेक्षा तिथे काय लिहिलंय ते बघा, आणि पान सेव्ह करून ठेवा.

डेव्हिसचं हॉस्पिटल आणि मेडिकल स्कूल डेव्हिस गावात नाहीये हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, ते सॅक्रामेंटोला आहे, कॉजवे ओलांडून वीसेक मिनिटं. पण तिथली स्टुडंट-रन क्लिनिक्स ही खरी गंमत. पॉल होम एशियन क्लिनिक, क्लिनिका तेपाती, ही सत्तरच्या दशकापासून चालू आहेत, मेडिकल स्टुडंट आणि डॉक्टरांबरोबर अंडरग्रॅड मुलंही काम करतात. ॲडमिशन मिळाल्यावर मी माझ्याच कॉलेजातून दोन वर्षं आधी तिकडे गेलेल्या एका सिनिअरला भेटले. ती शनिवारी पहाटे उठून क्लिनिकला जायची, पेशंटचं बीपी घ्यायची, ज्यांना इंग्लिश येत नाही त्यांच्या शेजारी बसून फॉर्म भरून द्यायची. तिला मी रँकिंगबद्दल काही विचारलंच नाही. फक्त विचारलं, पत्र कोणाकडून घेतलंस आणि त्या प्रोफेसरशी ओळख कशी झाली. तिने फिजिऑलॉजीच्या एका सरांचं नाव पटकन सांगितलं, त्यांच्या ऑफिस अवर्सना (मुलांना भेटायच्या वेळेला) चारपाचच मुलं असतात म्हणाली. तुम्ही हाच प्रश्न दोन्हीकडच्या ट्रान्सफर मुलांना विचारा, फ्रेशमनपासून असलेल्यांना नाही.

जीपीएचं जरा नीट वाचा. यूसीत गेल्यावर जीपीए नव्याने सुरू होतो, पण ॲमकास सगळं मोजतं, कम्युनिटी कॉलेज, हायस्कूलमध्ये असताना घेतलेले कॉलेजचे कोर्स, रिपीट केलेलेसुद्धा. समजा ९० क्वार्टर युनिटला ३.९ आहे आणि पुढच्या ४५ ला ३.४ पडला, तर एकूण ३.७३. आकडा वाईट नाही, पण वर्षावार जीपीए वेगळा दिसतो आणि युनिव्हर्सिटीत गेल्यावर घसरला हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. बायो, केम, फिजिक्स, मॅथचा वेगळा काढतात तो अजून वेगळा. बर्कलीच्या सायन्स कोर्सेसचं ग्रेडिंग कडक असल्याची ख्याती आहेच. मला पहिल्या वर्षी ती रिस्क नको होती, म्हणून मी डेव्हिस घेतलं. लॅब रिसर्चमध्येच जीव असलेल्या माझ्या एका मित्राने बर्कलीच घेतलं आणि त्याच्यासाठी ते बरोबर होतं असंच मला वाटतं.

एफ-१ (स्टुडंट) किंवा एच-४ (आईबाबांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या) व्हिसावर असाल तर मात्र हे सगळं दुय्यम आहे. बऱ्याच मेडिकल स्कूल सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाल्यांशिवाय अर्जच घेत नाहीत, जी घेतात त्यातली काही फीचे पैसे आधीच बाजूला ठेवलेले दाखवा म्हणतात. आणि एच-४ एकविसाव्या वर्षी संपतो. प्री-मेडमध्ये दोन वर्षं घालायच्या आधी घरात बसून हे बोलून घ्या, कितीही नको वाटलं तरी.

डेव्हिस घेणार असाल तर घर लवकर बघा, तिथे बरीचशी भाड्याची घरं हिवाळ्यातच बुक होतात आणि ट्रान्सफरचे निकाल एप्रिलमध्ये येतात, त्यामुळे आपल्याला उरलंसुरलं मिळतं. एसआयआर, म्हणजे येतोय असा होकार, १ जूनपर्यंत द्यायचा, फायनल ट्रान्सस्क्रिप्ट १ जुलैपर्यंत. आणि पहिल्या क्वार्टरला तीन सायन्स एकदम घेऊ नका, दोन घ्या आणि सोबत एखादा हलका कोर्स. दहा आठवड्यांत तिसऱ्या आठवड्यालाच मिडटर्म येते, तोवर तर आपल्याला सायकल कुठे लावायची हेही नीट कळलेलं नसतं.