क्वेरी चालवताना मेमरी संपते? या चुका टाळा

'आउट ऑफ मेमरी' दिसलं की लगेच रॅम वाढवून मागू नका. आधी बघा, मेमरी संपली कुणाची? डेटाबेस सर्व्हरची, की क्वेरी पाठवणाऱ्या तुमच्या प्रोग्रॅमची? बहुतेक वेळा दुसरंच निघतं. पायथनमधून पोस्टग्रेस डेटाबेसशी बोलणाऱ्या सायकोपीजी२ लायब्ररीतला साधा कर्सर (क्वेरी चालवून निकाल वाचायचं साधन) क्वेरी चालताक्षणी सगळा निकाल क्लायंटकडे, म्हणजे तुमच्या प्रोग्रॅमकडे ओढतो, मग तुम्ही एकच ओळ वाचा की लाख. कर्सरला नाव द्या. त्यावर लूप फिरवला की ओळी २,०००च्या हप्त्यांनी येतात. जावामध्ये पोस्टग्रेससाठी फेच साइझ (एका वेळी किती ओळी आणायच्या) देताना ऑटोकमिट (प्रत्येक क्वेरी आपोआप कमिट होणं) बंद करा, नाहीतर ती सेटिंग लागूच होत नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडते: वर्क_मेम, म्हणजे सॉर्टसारख्या कामाला किती मेमरी द्यायची ही पोस्टग्रेसची सेटिंग, डोळे झाकून वाढवणं. एका टीमचा महिनाअखेरचा रिपोर्ट डिस्कवर सॉर्ट होत होता, म्हणून त्यांनी कॉन्फिग फाइलमध्येच ४ एमबीचं थेट १ जीबी केलं. रिपोर्ट झटकन आला. पुढे गर्दीच्या वेळी सगळी कनेक्शन्स एकदम तुटायला लागली. लॉगमध्ये होतं: सर्व्हर प्रोसेस सिग्नल ९ने बंद. मंडळी क्वेरीच तपासत बसली होती. मी कर्नलचा लॉग उघडायला लावला, तेव्हा ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा लिनक्सचा भाग) सापडला. लिनक्सने एक प्रोसेस मारली, की शेअर्ड मेमरी बिघडली असेल या शंकेने पोस्टग्रेस बाकीची कनेक्शन्सही तोडतं आणि रिकव्हरीला लागतं.

वर्क_मेम ही अख्ख्या सर्व्हरची मर्यादा नव्हे, एका कनेक्शनचीही नव्हे. क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टला आणि हॅशला (जॉइन किंवा गटवारीसाठी मेमरीत बनणारं तात्पुरतं कोष्टक) ती वेगळी मिळते, पॅरलल वर्कर (एकाच क्वेरीचं काम वाटून घेणाऱ्या प्रोसेस) असतील तर प्रत्येकाला पुन्हा वेगळी. आवृत्ती १५पासून हॅशला डीफॉल्टनेच दुप्पट. मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलंय, पण कुठूनतरी आकडा उचलून चिकटवणाऱ्यांना तेवढा धीर नसतो, याचा मला खरंच राग येतो. मी कॉन्फिगमधला आकडा लहानच ठेवतो आणि रिपोर्टच्या ट्रान्झॅक्शनपुरतं 'सेट लोकल'ने वाढवतो.

जॉइनची अट विसरलात, तर १० हजार ओळींच्या दोन टेबलांतून १० कोटी ओळी तयार होतात. आधी नुसतं एक्सप्लेन (क्वेरी न चालवता तिची योजना दाखवणारी कमांड) चालवून ओळींचा अंदाज वाचा.

सवयीने सगळे कॉलम मागणारं 'सिलेक्ट स्टार' लिहू नका, विशेषतः टेबलात मोठे जेसन कॉलम असतील तर.

मॅक्स_कनेक्शन्स (एका वेळच्या कनेक्शन्सची मर्यादा) वाढवण्यापेक्षा पूलर, म्हणजे मोजकीच कनेक्शन्स सगळ्यांना आळीपाळीने देणारा प्रोग्रॅम लावा.