‘बुधवारी नक्की’ म्हणण्याआधी

‘सोनार, शिंपी, कुळकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा’ ही म्हण तुम्हीही ऐकली असेल. त्यात शिंप्याला का ओढलंय, ते मला पक्कं माहीत आहे. नाशिकच्या शरणपूर रोडजवळच्या एका खोलीत मी २२ वर्षं ब्लाऊज शिवतेय. रविवारी चर्चच्या उपासनेत पहिल्या बाकावर बसायचं आणि सोमवारी गिऱ्हाइकाला ‘बुधवारी नक्की’ सांगायचं, तेही कापड कापलेलं नसताना. यात पाप आहे, असं कित्येक वर्षं मला वाटलंच नाही. धंद्यात चालतंच की, म्हणायचे.

मग एका बाईंच्या मुलीचा साखरपुडा आला आणि ब्लाऊज तयार नव्हता. मुलगी दुसऱ्याच रंगाचा ब्लाऊज घालून उभी राहिली. बाई भांडल्या नाहीत. फक्त पुन्हा आल्या नाहीत.

तेव्हापासून मी जे करतेय, ते सांगते.

आधी एकच खोड धरा. बायबलमधल्या गलतीकरांस पत्राच्या ५व्या अध्यायात आत्म्याच्या फळाचे नऊ गुण आहेत, प्रीती, आनंद, शांती वगैरे. मीही एका उपासात नऊच्या नऊ मागून बसले होते. तिसऱ्या दिवशी घरच्यांवर डाफरले. जिथं रोज हटकून पाय घसरतो ती जागा शोधा. शिक्षकाची वेगळी असेल, रिक्षावाल्याची वेगळी. ती बहुधा तुमच्या कामातच सापडेल. आमच्या शरणपूरची वस्ती मिशनरी विल्यम प्राइस यांनी १८५४ साली वसवली. गुलामीतून सुटलेल्या आफ्रिकन मुलांना तिथं वचनाबरोबर सुतारकाम आणि लोहारकामही शिकवत. एका हातात शास्त्र, दुसऱ्या हातात रंधा. मला हे फार पटतं.

वाचन थोडं ठेवा. बायबलातल्या नीतिसूत्रांचे अध्याय ३१ आहेत, म्हणजे आज जी तारीख तो अध्याय. मी शटर उघडण्याआधी वाचते आणि एकाच वचनाचा आकडा मार्किंगच्या खडूनं कटिंग टेबलाच्या कडेला लिहिते. संध्याकाळपर्यंत कापडांनी घासून तो पुसला जातो. तोवर दहादा डोळ्यांखालून गेलेला असतो.

प्रार्थनेला वेगळा तास मिळत नसेल तर रडत बसू नका. बॉबिन भरायला अर्धा मिनिट लागतो. स्तोत्र १४१ मध्ये दावीद देवाकडे तोंडावर पहारा मागतो, तेवढंच मी त्या अर्ध्या मिनिटात मागते. दिवसातून पाच-सहा वेळा बॉबिन संपतेच.

आता खरी मेख. गिऱ्हाईक समोर उभं असताना जीभ आवरायची तर नुसती प्रार्थना पुरत नाही, वही लागते. अस्तराचे ब्लाऊज माझ्याकडून दिवसाला चार होतात. म्हणून तारीख सांगण्याआधी वहीत बाकी किती ते मोजायचं, चारनं भागायचं, वर दोन दिवस धरायचे आणि मगच तोंड उघडायचं. होय तर होय, नाही तर नाही. पहिल्या दिवाळीत निम्म्या बायका दुसरीकडे गेल्या. हे आधीच सांगते, नाहीतर म्हणाल फसवलं.

मशीनवर कव्हर टाकताना एकच प्रश्न: आज कोणाला खोटं सांगितलं? नाव वहीच्या मागच्या पानावर लिहायचं आणि सकाळी पहिली शिवण घालण्याआधी फोन करायचा. वेदीपुढचं अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला प्रभू येशूनं सांगितलंय. मग शिवण थांबायला काय झालं? फोनवर ‘लाईट गेली होती’ म्हणायचं नाही. गेली असली तरी नाही.

शिवाय विचारणारं माणूस हवं. माझी धाकटी जाऊ फॉल-पिको करते. दर शनिवारी हुक लावता लावता विचारते, “ताई, या आठवड्यात कितीजणींना गंडवलंत?” पाळकांपुढे मी गुळमुळीत बोलले असते. हिच्यापुढे चालत नाही.

सुरुवातीचे काही महिने काहीच बदललं नाही असं वाटेल. माझं माहेर दिंडोरीकडचं. तिथं एप्रिलच्या खरड छाटणीनंतर द्राक्षं येत नाहीत, नुसत्या काड्या तयार होतात. घड लागतात ते ऑक्टोबरच्या छाटणीवर. फळ देणाऱ्या फांदीलाही देव छाटतो, हा योहानाचा १५वा अध्याय आमच्या वडिलांना कोणी समजावून सांगावा लागला नाही.

मागच्या पानावर एक नाव तीन वर्षं तसंच होतं. चिंध्यांचं गाठोडं आवरताना त्या साखरपुड्याच्या ब्लाऊजचं उरलेलं पाव मीटर कापड सापडलं. तेही मी परत केलं नव्हतं. घडी घालून त्यांच्या घरी गेले, दारातच सगळं सांगितलं. कापडाचं त्यांच्या लक्षातही नव्हतं. तारीख मात्र पाठ होती.

“या आत,” म्हणाल्या, “पण शिवायला काही देणार नाही.”

चहा पिऊन आले.