पोराचा एक पाय कच्चा आहे? मग बैठका वाढवून उपयोग नाही

कोल्हापुरात फुटबॉलच्या टीमच तालमींच्या नावानं आहेत, त्यामुळं पोरांना बैठका मारा म्हणून सांगावं लागत नाही. पण बैठक पडली दोन पायांवर, आणि घोळ तिथंच होतो, तगडा पाय गुपचूप जास्त भार घेतो आणि कच्चा होता तसाच राहतो. म्हणून काम एकेका पायावर करायचं.

उजव्यानं किक मारणारं पोरगं दर किकला डाव्यावर उभं असतं, म्हणजे एक पाय फटक्याला तयार होतो आणि दुसरा तोल धरायला. थोडा फरक सगळ्यांतच असतो, तो पार शून्यावर आणायच्या मागं लागू नका.

आधी मोजा. एका पायावर उभं राहून पुढं लांब उडी, त्याच पायावर उतरायचं आणि दोन सेकंद हलायचं नाही. दोन्ही पायांना तीन-तीन चान्स, सगळ्यात लांब उडी धरा. समजा उजव्यानं 150 सेंटिमीटर आली आणि डाव्यानं 129, तर झाले 86 टक्के. साधारण 90 च्या खाली असेल तर लक्ष घालायचं. उतरताना समोरून मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ घ्या, कारण उडी सारखी पडली तरी कच्च्या पायाचा गुडघा आत पडताना दिसतो आणि माझ्या मते आकड्यापेक्षा ते जास्त महत्त्वाचं.

व्यायाम चारच पुरेत: मागचा पाय बाकावर ठेवून पुढच्या पायावर खाली बसायचं (स्प्लिट स्क्वाट), पायरीवर स्टेप-अप, पाठीवर झोपून एका पायाचा ब्रिज, म्हणजे एकच पाय टेकवून कंबर वर उचलायची, आणि एका पायावर टाच उचलणं. स्टेप-अपला पोरं हमखास चीटिंग करतात, खालच्या पायानं ढकलून वर येतात, तेव्हा खालच्या पायाची बोटं वर उचलून धरायला लावा म्हणजे ढकलताच येत नाही. खाली येताना तीन सेकंद लावायचे, धपकन आपटायचं नाही.

सुरुवात कायम कच्च्या पायानं. त्याला नीट 8 जमले तर तगड्यालाही 8च, त्याला 15 येत असले तरी. असे दोन सेट, आणि कच्च्याला एक सेट जादा. सगळ्या सेटमध्ये 12 स्वच्छ यायला लागले की मगच हातात वजन द्या, एक लिटरची भरलेली पाण्याची बाटली म्हणजे एक किलो झालंच की, त्यासाठी लगेच जिम लावायची गरज नाही. आठवड्यातनं दोनदा बास, मॅचच्या आदल्या दिवशी अजिबात नको. वॉर्म-अपला फिफाचं 11+ करून घ्या, म्हणजे दुखापती टाळायसाठी ठरवून दिलेले व्यायाम, चौदाच्या खालच्यांसाठी त्याचं किड्स वेगळं आहे.

उंची भराभर वाढायच्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा दुखतो म्हणाला तर उड्या आणि स्प्रिंट कमी करा, डॉक्टरला दाखवा. सूज असेल, लंगडत असेल किंवा पाय आधी प्लास्टरमध्ये होता, तर यातलं काहीच सुरू करू नका, आधी फिजिओ.

सहा ते आठ आठवड्यांनी परत मोजा, तेच बूट, तीच जागा, आणि प्रॅक्टिसनंतर थकल्यावर नको, प्रॅक्टिसच्या आधी.