अलंकार ओळखायचे कसे? आत्तीच्या मांड्यांवरनं सांगतो

भाची यंदा एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीला आहे, मराठी फर्स्ट लँग्वेज, आणि परवा रविवारी वही घेऊन आली, म्हणाली मामा अलंकार काय डोक्यात शिरेनात. वही बघितली तर पानभर नुसती यादी, सारखा-प्रमाणे-सम-परी दिसलं की उपमा, जणू-गमे-वाटे-भासे दिसलं की उत्प्रेक्षा, आणि ह्यातलं काहीच दिसलं नाही की रूपक लिहून मोकळं व्हायचं. मलापण शाळेत असंच शिकवलेलं, खोटं कशाला बोलू. पण ही यादी कुठं फसते बघा. "तो सारखा लहान पोरासारखा रडतोय" ह्यात सारखा दोनदा आलाय आणि उपमा एकच आहे, पहिला सारखा म्हणजे नुसतं सतत. कन्नडात तर अजून मजा. तिथं "अंते" म्हणजे सारखं, कमळासारखं म्हणायचं तर "तावरेयंते", आणि तेच अंते "बंदनंते" मध्ये आलं की अर्थ होतो "आला म्हणे". आता नुसता शब्द बघून काय ओळखणार?

म्हणून तिला सांगितलं, यादी बाजूला ठेव आणि वाक्यात आधी दोघं जण शोध. ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो उपमेय, ज्याला त्याच्या शेजारी आणून बसवलंय तो उपमान. आणि मग एकच प्रश्न विचारायचा, ह्या दोघांचं किती जमलंय? नुसते शेजारी बसलेत, का एकमेकांच्या जागेवर डोळा आहे, का एक झालेत, का भांडून एकानं दुसऱ्याला उठवलंय? अर्धे अर्थालंकार, म्हणजे अर्थावर चालणारे अलंकार, इथंच सुटतात.

उदाहरण म्हणून घरातलंच घेतलं, आमच्या आत्तीच्या हातचे मांडे. बेळगावात राहून मांडे कशाला समजवायचे पण बाहेरचं कोण वाचत असलं तर सांगतो, हातावर फिरवून फिरवून पसरवलेली, उपड्या कढईवर भाजलेली आणि गरम आहे तोवर रुमालासारखी घडी घातलेली पोळी, आत पिठीसाखर.

"मांडा मलमलीसारखा तलम झालाय." ही उपमा. मांडा उपमेय, मलमल उपमान, सारखा हा दोघांना जोडणारा शब्द आणि तलमपणा हा दोघांत असलेला गुण, त्याला साधारण धर्म म्हणायचं. चौघं हजर असले की पूर्णोपमा, एखादा गैरहजर असला, म्हणजे नुसतं "मलमलीसारखा मांडा" म्हटलं आणि तलम हा शब्द गाळला, की लुप्तोपमा. इथं मांडा मांडाच आहे, मलमल मलमलच, दोघं पंगतीत शेजारी बसलेत एवढंच.

"मांडा म्हणजे जणू घडी घातलेली मलमलच!" आता मलमल शेजारनं उठून मांड्याच्या पाटावर बसायला बघत्येय, पण अजून बसली नाही. बोलणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे की हा मांडाच आहे, तो फक्त कल्पना लढवतोय. ही उत्प्रेक्षा. "मांड्याची मलमल हळूच उलगडली आणि साखर सांडली" म्हटलं की दोघं एकच झाले, सारखा नाही जणू नाही, हे रूपक. आणि "हा मांडा नव्हेच, मलमल आहे मलमल!" म्हटलं की मांड्याला पाटावरनं उठवला, ही अपन्हुती. भाचीला हे नाव पाठ होत नव्हतं, तिला सांगितलं अपन्हुती म्हणजे नाकारणं, "नव्हे" म्हणून उपमेयाला घालवायचं आणि उपमानाला बसवायचं, मग बसलं डोक्यात.

उलटंपण होतं. "मलमलपण जाड वाटंल असा आत्तीचा मांडा", इथं उपमान हरलं, उपमेय वरचढ झालं, व्यतिरेक. "आत्तीच्या मांड्यासारखा आत्तीचा मांडाच", म्हणजे शेजारी बसवायला तोलामोलाचं कोण मिळालंच नाही, अनन्वय. "हा मांडा म्हणू का मलमल?" असं मन डुगडुगत राहिलं तर ससंदेह. आणि पोरानं मांडा उचलला आणि रुमाल समजून नाक पुसलं, तर तो भ्रांतिमान! उत्प्रेक्षेत माणूस शुद्धीवर असतो, ससंदेहात गोंधळलेला असतो, भ्रांतिमानात फसलेला असतो आणि फसून काहीतरी करून बसतो. ह्या तिघांत पोरं सगळ्यात जास्त मार्क घालवतात, तेव्हा बोलणाऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे का एवढं बघायचं. आणि फुंकर मारली तर मांडा चोर्ला घाट उतरून गोव्याला गेला, ही अतिशयोक्ती, ती कुणाला शिकवावी लागत नाही.

जाता जाता, "मनात मांडे खाणे" हे मात्र अलंकार म्हणून लिहू नका, तो वाक्प्रचार. तिथं मांड्याची कशाशी तुलना चाललेली नाही, ठरलेला अर्थ आहे, तोच लिहायचा.

अजून एक फसवणूक. तुलना दिसली की अलंकार असं नसतं. "निपाणी बेळगावपेक्षा लहान आहे" ही माहिती झाली, व्यतिरेक नव्हे. "भाची दिसायला आईसारखी" ह्यातपण उपमा म्हणण्यासारखं काय नाही, लेक आईसारखी दिसणारच की. पण "ह्याचं तोंड म्हणजे टिळकवाडीच्या सेकंड गेटसारखं, एकदा बंद झालं की कधी उघडंल सांगता येत नाही" म्हटलं की झाली उपमा, कारण माणसाचं तोंड आणि रेल्वेचं गेट एकमेकांपासनं लांबचे आहेत आणि तरी जमलंय. लांबचं जेवढं जमंल तेवढी मजा जास्त, असं माझं मत.

आपल्याकडच्या पोरांना एक फायदा आहे जो कुणी वापरतच नाही. मराठीच्या तासाला अलंकार आणि कन्नडच्या तासाला परत अलंकार, पोरं दोन वेगळ्या गोष्टी म्हणून दोनदा घोकतात, पण उपमेय-उपमान तिथंपण तेच, समानधर्म म्हणजे आपला साधारण धर्म, उपमावाचक म्हणजे आपला तो जोडणारा शब्द. दोघांनी संस्कृतातनंच उचललंय. कन्नडातला कविराजमार्ग हा ग्रंथ नवव्या शतकातला, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंगाच्या काळातला, तो दंडीच्या काव्यादर्श ह्या संस्कृत ग्रंथावर बेतलेला आहे. तेव्हा एकदा नीट समजून घेतलं की दोन्ही पेपर निघतात.

यमकाच्या बाबतीत मात्र जपून. मराठीत आपण ओळींच्या शेवटी सारखी अक्षरं जुळली की यमक म्हणतो, कन्नडात त्याला अंत्यप्रास म्हणतात, आणि तिथं यमक म्हणजे तीच अक्षरं परत यायची पण वेगळ्या अर्थानं. आपली व्याख्यापण खरं तर वेगळा अर्थ मागते, पण वापरात ते ढिलं झालंय. लग्नात घेतलेला उखाणा बघा, "कणकुंबीला उगम पावते मलप्रभा नदी, अमुकरावांशी भांडले नाही मी कधी", नदी-कधी जुळलं, पंगत खूश, यमक. कन्नड पद्धतीचं पाहिजे तर आमच्या गल्लीतलं घ्या. कन्नडात हालु म्हणजे दूध, पावसात दूधवाला आला नाही की "आज हालाचे हाल" असं दोन्ही भाषा येणारे सहज बोलून जातात. एकदा दूध, एकदा हाल. पुस्तकात असलं उदाहरण येणार नाही, पण असलंच डोक्यात बसतं.

आणि शब्द एकदाच आला पण अर्थ दोन निघाले की श्लेष. पंगत बसली, पानं घेतली, आत्ती आतनं ओरडली "आता मांडा!" आता ती ताटं मांडा म्हणाली का मांडा वाढायची वेळ झाली म्हणाली? दोन्ही अर्थ बसतात, आणि दोन्ही एकाच वेळी बसतात म्हणून श्लेष. एकच अर्थ बसत असला तर तो साधा शब्द.

अनुप्रासाला जास्त वेळ घालवू नका. "खानापूरच्या खडबडीत खड्ड्यांतनं खटारा खडखडत गेला", ख कानात वाजला, झालं.

चेतनगुणोक्तीला आपल्याकडं गोकाकचा धबधबा आहे. "घटप्रभेचं पाणी गोकाकला 52 मीटरवरनं खाली पडतं" ही माहिती. "धबधबा पावसाळ्यात बोंबलत उडी मारतो आणि उन्हाळ्यात तोच खडकाला पाठ टेकून घोरत पडतो" ही चेतनगुणोक्ती, निर्जीव पाण्याला माणसाचे उद्योग चिकटवले.

व्याजस्तुती मला स्वतःला सगळ्यात आवडते कारण आपली माणसं दिवसभर तीच बोलतात आणि त्यांना पत्ता नसतो. "कंत्राटदार देवमाणूस बघ, पावसाळ्यात प्रत्येकाच्या दारात तळं दिलं", वरनं स्तुती आतनं निंदा. उलटीपण असते, "आत्ती लई वाईट बाई, दोन मांडे खाल्ल्याशिवाय कुणाला उठूच देत नाही", वरनं निंदा आतनं स्तुती. आणि लेकीला बोलून सुनेला ऐकवायचं, ती अन्योक्ती, ह्याचं उदाहरण मी देत नाही, घरात राहायचंय मला.

पेपरात लिहिताना नुसतं "उपमा अलंकार" लिहून सोडू नका. कन्नडात अलंकार, लक्षण आणि समन्वय असं लिहायला शिकवतात, ती सवय मराठीलापण लावा. लक्षण म्हणजे अलंकाराची व्याख्या, आणि समन्वय म्हणजे ती व्याख्या ह्या ओळीला कशी लागू होते ते दाखवणं. म्हणजे असं, इथं मांडा हे उपमेय, मलमल हे उपमान, सारखा ह्या शब्दानं साम्य दाखवलंय, तलमपणा हा साधारण धर्म, म्हणून उपमा. चार तुकड्यांतला एखादा सापडला नाही तर घाबरू नका, लुप्त आहे असं लिहा. आणि आपलं उत्तर तपासायचं असलं तर वाक्य बदलून बघा, "सारखा" काढून "जणू" घाला, "नव्हे" घाला, अर्थात काय फरक पडतो ते मोठ्यानं बोलून बघा, कानाला लगेच कळतं.

भाचीला शेवटी तीन वाक्यं दिली घरी करायला, तुम्हीपण करा. एक, राजहंसगडावर धुकं उतरलं आणि गड जणू कांबळं पांघरून बसला. दोन, कुंद्याची चव कुंद्यालाच. तीन, ही थंडी नव्हे, सुया आहेत सुया. पहिल्यात तिनं दोन अलंकार काढले आणि मला वाटलेलं एकच आहे, मग परत बघितलं तर तिचंच बरोबर होतं.