पोरांच्या हातात ट्रूप द्यायचा तर मीटिंग आणि कॅम्प कसे चालवायचे

ट्रूप म्हणजे स्काउटांचं पथक, आणि तो पोरांनी चालवायचा म्हणजे मोठ्यांनी सगळं ठरवून त्यांच्या हातात यादी द्यायची असं नाही, ठरवायचंच त्यांनी. हे नवीन खूळ नाहीये. १९०७ साली स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचा पहिला कॅम्प घेतला तेव्हाच मुलांचे ४ पेट्रोल, म्हणजे छोटे गट, पाडले होते आणि प्रत्येकाचा लीडर मुलांमधलाच होता.

पेट्रोल ६ ते ८ जणांचं ठेवा, त्याहून मोठं झालं की दोघंतिघं नुसती बघत उभी राहतात. लीडर पेट्रोलनेच मत देऊन निवडायचा, ठरावीक महिन्यांनी परत निवडणूक, आणि सगळ्यांचा मिळून एक सीनियर पेट्रोल लीडर. हे सगळे लीडर महिन्यातून एकदा बसतात, ते कौन्सिल, आणि पुढच्या मीटिंगा तिथेच ठरतात. स्काउटमास्तर, म्हणजे ट्रूप सांभाळणारा मोठा माणूस, त्या बैठकीत असतो पण कडेला बसून. कुणी लहान मूल येऊन "सर, आता काय करू?" विचारलं तर उत्तर एकच, "तुझ्या लीडरला विचारलंस का?"

मीटिंग दीड तास पुरे. सुरुवात आणि हजेरी पटकन उरका, मग वीस-पंचवीस मिनिटं एक कौशल्य, मग पेट्रोल आपापल्या कोपऱ्यात, मग दमवणारा एक खेळ, शेवट. कौशल्य पुढच्या कॅम्पला लागणारंच निवडा नाहीतर पोरं विसरतात, आणि ते मोठ्या मुलांनी शिकवायचं. आमच्याकडे एक मुलगी नवीन आलेल्या छोट्याला बोलाइन, म्हणजे न आवळणाऱ्या फासाची गाठ, शिकवत होती, तीनदा सुटली, माझा हात पुढे गेला होता तो मी मागे घेतला. चौथ्यांदा ती त्याच्या समोरून उठून शेजारी बसली, दोर आधी स्वतःच्या कमरेभोवती घेतला मग त्याच्या, आणि बसली गाठ! समोरून बघताना त्याला सगळं उलटं दिसत होतं, हे तिचं तिलाच सापडलं.

आता कॅम्प. तारीख, जागा, काय करायचं हे कौन्सिल ठरवतं, परवानगी, गाडी आणि पालकांच्या सह्या मोठ्यांकडे. प्रत्येक पेट्रोल आपला मेनू आपण करतं, खरेदी आपण करतं, आपल्या भांड्यात शिजवतं. मोठ्यांनी फक्त दोन गोष्टी बघायच्या, कुणाला कशाची ॲलर्जी आहे का आणि माणशी अंदाज बरोबर आहे का. कामाचा तक्ता निघायच्या आधी कागदावर हवाच: स्वयंपाक, पाणी, चूल, भांडी, आणि दर जेवणाला नावं फिरवायची. तक्ता नसला की भांडी कायम सगळ्यात लहान मुलाच्या वाट्याला येतात, हे मी इतक्यांदा बघितलंय की यावर मी अडूनच बसतो.

एका कॅम्पला एक पेट्रोल मीठच विसरलं. आमच्या पेटीत पुडा होता, तरी आम्ही काढला नाही, लीडर जरा वेळ घुटमळला आणि मग शेजारच्या पेट्रोलकडे वाटी घेऊन गेला. तेव्हापासून त्यांच्या यादीत मीठ पहिलं असतं.

पण जिथे इजा होऊ शकते तिथे गप्प बसायचं नाही. आग, पाण्यात उतरणं, सुरी-कुऱ्हाड, विजांचा पाऊस, औषधं, इथे मोठ्यांनी लगेच थांबवायचं. तंबूत स्टोव्ह कधीच नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळायच्या आत माणूस जातो. कॅम्पला कायम किमान दोन मोठी माणसं हवीत आणि कुठलाही मोठा माणूस एका मुलाबरोबर एकटा राहणार नाही, याला अपवाद नाही.

तंबू आवरून झाले की घरी निघायच्या आधी पेट्रोलने गोल करून बसायचं, लीडरने विचारायचं काय चांगलं झालं, काय पुढच्या वेळी बदलायचं, सगळ्यात लहान मुलाला आधी बोलू द्यायचं, आणि एकाने ते वहीत लिहायचं. पुढचं कौन्सिल ती वही उघडूनच सुरू करा.